वार आणि घाव
(तिगाव येथे गणेशोत्सवात दिलेले भाषण)

पोरं मंडपामागे बसून फासे टाकतात, हा जुगार तर नाही ना, असं दोघा-तिघा आजोबांनी मला विचारलं. पैसा लागत नाही, हे आधी सांगून टाकतो. आता त्या खेळातला हिशेब सांगतो, कारण तो आपल्या कामाचा आहे.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत निघाला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातले योद्धे, मांत्रिक होतात. लढाई आली की फासे पडतात, तेही दोनदा. पहिला फासा वाराचा, दुसरा घावाचा. वार लागला का, हा एक प्रश्न. लागला तर किती लागला, हा वेगळा.

वाराचा फासा २० बाजूंचा. समोरच्या राक्षसाचं चिलखत १५ आकड्याचं आणि आपल्या योद्ध्याचं कसब ५, तर फाशावर १० किंवा जास्त हवेत. म्हणजे २० पैकी ११ बाजू आपल्या, शंभरात ५५. कुऱ्हाडीच्या घावाला १२ बाजूंचा फासा. त्याची सरासरी साडेसहा, त्यात ताकदीचे ३, झाले साडेनऊ. साडेनऊचे ५५ टक्के काढा, दर वारामागे सव्वापाचच्या आसपास घाव. (२० पडल्यावर जास्तीचा घाव मिळतो, तो आज सोडून देऊ.)

खरी गंमत पुढे आहे. २०१४ च्या नियमांत काही योद्ध्यांना एक मुभा होती. वारातून ५ वजा करायचे, लागलाच तर घावात १० जास्त. घ्यायची का? चिलखत १५ असेल तर लागण्याची शक्यता ३० टक्क्यांवर येते, पण घाव साडेएकोणीस, गुणाकार ५.८५. फायदा झाला. चिलखत २० असेल तर? साध्या वाराला २.८५ मिळतात, धाडसी वाराला एकसुद्धा पुरता नाही. आठवीतलं पोर हे तोंडी करतं, आणि तेच पोर शाळेत टक्केवारीला घाबरतं!

हे आपल्याला परकं नाही. कवड्या खेळणाऱ्या आजीला विचारा. सहाच्या सहा उताण्या क्वचित पडतात, दोन-तीन उताण्या नेहमीच्या. कागदावरचं गणितही साधारण हेच सांगतं, फक्त कवडी दोन्ही अंगांवर सारखी पडत नाही, ते आजीलाच ठाऊक. आणि आपण तर विदर्भाच्या वेशीवरची माणसं. दमयंती विदर्भाची. तिच्या स्वयंवराला कुंडिनपुराकडे निघालेल्या ऋतुपर्णानं वाटेत बेहड्याच्या झाडाची पानं-फळं एका नजरेत सांगितली. नळानं मोजून पाहिली, आकडा जुळला, आणि रथविद्येच्या बदल्यात त्यानं ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या घेतली. जुन्या काळी फासे बेहड्याच्या फळांचेच असत. म्हणजे मोजणं आणि फासे यांचं नातं महाभारतानंही ओळखलं होतं.

आता जरा अवघड बोलतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार होते. जाम नदीत पळसाचं झाड रोवलेलं, एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि मधून दगड. परंपरा आहे, श्रद्धा आहे, मान्य. पण तिथं जाणारा तरुण म्हणतो, "काका, इतकी वर्षं गेलो, कधी लागला नाही." हा फक्त पहिल्या फाशाचा हिशेब झाला. दुसरा फासा डोळ्याचा आहे, डोक्याचा आहे. माणसं दगावलीसुद्धा आहेत. आणि इथं माझा गुणाकारही तोकडा पडतो. सरासरी काढायला पुढचे वार बाकी असावे लागतात. पोरांच्या खेळात योद्धा मेला तर नवा कागद घेऊन दुसरा लिहितात.

आजोबांना माझी विनंती एवढीच, की आरतीनंतर पोरांजवळ बसा. वीस बाजूंचा फासा हातात घेऊन बघा. कुणाकडे जुन्या कवड्या असतील तर घेऊन या. शंभरदा टाकून किती उताण्या पडतात ते पोरांकडून वहीत मांडून घेऊ.