दिव्याखालचं भात

आम्ही पालीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

गेल्या वर्षी नवान्न पौर्णिमेला नवं बांधायचं म्हणून लोंब्या आणायला आम्ही रस्त्याकडेच्या खाचरात गेलो. भात गरवं, आजेसासूबाईंच्या वेळचं बियाणं. सगळं खाचर निसवलेलं आणि रस्त्याच्या नव्या दिव्याखालचा कोपरा मात्र नुसता हिरवागार, लोंबीचा पत्ता नाही! तरवा तोच, लावणीचा दिवस तोच, खतही तेच. कुणी म्हणालं युरिया जास्त पडला, कुणी करणीपर्यंत पोचलं. पुढे त्या कोपऱ्यात लोंब्या आल्या, पण तोवर खाचरातलं पाणी आटलं होतं. दाणा सगळा पोचट.

मग विचारत, वाचत गेलो. भात हे मुळात गवत, आणि गरवं भात रात्र मोजतं. आपल्याकडे जूनमध्ये दिवस तेरा तासांच्या वर असतो, डिसेंबरात अकरा तासांच्या जरा वर. सप्टेंबरापर्यंत रात्र बरीच वाढलेली असते, ते पानाला कळतं.

रोपाच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी एकदम कामाला लागत नाहीत. भातात एचडी-वन नावाचं एक जनुक आहे. ते थोरल्या जावेसारखं, वेळ बघून बोलणारं. दिवस मोठा असेल तर एचडी-थ्री-ए या दुसऱ्या जनुकाला गप्प बसवतं. दिवस लहान झाला की त्यालाच पुढे करतं. मग पानात एक प्रथिन तयार होतं आणि वर शेंड्याला जातं. शेंडा पानं काढायचं थांबवून लोंबी धरतो. हे प्रथिन पानातून शेंड्याला जातं, हे जपानी संशोधकांनी भातातच 2007 साली दाखवलं. लोंबी आत धरल्यापासून बाहेर पडायला महिनाभर लागतो, म्हणजे आपल्याला दिसतं त्याच्या कितीतरी आधी सगळं ठरलेलं असतं.

आमच्या कोपऱ्यात रात्रभर दिवा. पानाला वाटलं, अजून ज्येष्ठच चाललाय!

म्हणूनच गरवं भात लावणी पुढेमागे झाली तरी साधारण ठरल्या सुमारालाच निसवतं. 1966 सालचं आयआर-8 आणि त्यानंतरच्या बहुतेक सुधारित जाती मात्र रात्रीकडे फारसं बघत नाहीत, आपले दिवस भरले की निसवतात. म्हणून त्या उन्हाळीही घेता येतात. बियाणं घेताना आपण उतारा विचारतो, हे कुणी विचारत नाही.

यंदा त्या कोपऱ्यात आम्ही सुधारित हळवं लावणार आहोत. गरवं मोडणार नाही. त्याच्या पेजेची चव दुसऱ्याला नाही, आणि पेंढाही भरपूर. दिव्याला शेताच्या बाजूने पत्रा लावून द्या, असा अर्ज ग्रामपंचायतीत दिलाय. तुमचंही गरवं रस्त्याकडेला असेल तर श्रावणातच एका रात्री जाऊन उजेड किती आतपर्यंत पडतो ते बघून या. एकटीने जाऊ नका, आणि हातात काठी असू द्या.