सावलीच्या घड्याळाचं गाव

रात्रभर प्रवास करून आलेल्या खगोलप्रेमी मंडळींनो,

क्षिप्राकाठच्या उज्जैन नगरीत आपलं मनःपूर्वक स्वागत. पत्रिकेत दहाची वेळ छापली होती. आता दहा वीस झालेत. कार्यवाह माझ्याकडे डोळे वटारून पाहताहेत. पण उज्जैनची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटं मागे. म्हणजे आमचे दहा अजून वाजायचेत! आपल्या प्राचीन ज्योतिषांनी ज्या गावापासून रेखांश मोजले, त्याला एवढी सवलत द्याच.

सुमारे तीनशे वर्षांपूर्वी, माळव्याची सुभेदारी सांभाळणाऱ्या सवाई जयसिंहांनी इथली वेधशाळा उभारली. दिल्ली, जयपूर, मथुरा आणि काशी इथल्या वेधशाळा ही तिची भावंडं. पितळी यंत्रांचे आस झिजतात आणि वेध चुकतात, हे जयसिंहांना अनुभवानं कळलं होतं. म्हणून त्यांनी यंत्रंच दगडचुन्यात बांधली. ‘यंत्र कुठे आहे?’ असं पाहुणे आम्हाला विचारतात, तेव्हा बहुधा ते यंत्राच्याच पायरीवर उभे असतात.

सम्राट यंत्र म्हणजे सावलीचं घड्याळ. त्याच्या तिरप्या भिंतीचा चढ उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे २३ अंशांहून किंचित जास्त. त्यामुळे तिची धार ध्रुवाकडे रोखलेली. दोन तबकड्यांच्या नाडीवलय यंत्रात उत्तरेकडच्या तबकडीवर सहा महिने ऊन, दक्षिणेकडच्या तबकडीवर उरलेले सहा महिने.

दगडचुनासुद्धा कुणी सांभाळला तरच टिकतो. मोडकळीला आलेल्या या वास्तूचा १९२३ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी जीर्णोद्धार करवला. पुढे ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे यांच्या मार्गदर्शनाखाली शंकुयंत्रही उभं राहिलं. कर्कवृत्त इथून अगदी जवळ. जूनअखेरीच्या सुमारास भरदुपारी त्या शंकूची सावली जवळजवळ दिसेनाशी होते.

उद्या सकाळी आपण या वेधशाळेत जाणार आहोत. सम्राट यंत्राची सावली नीट निरखा. सूर्य हा काही ठिपका नव्हे, त्यामुळे सावलीची कड पुसट असते. त्या पुसट पट्टीत बोट नेमकं कुठे टेकवायचं, यावर दोन जाणकारांचं सहसा जमत नाही. तीनशे वर्षं यंत्र आपल्या जागी आहे. वाचणारी नजर मात्र दर पिढीला नव्यानं तयार करावी लागते. हे संमेलन त्यासाठीच.

व्यवस्थेत काही उणं राहिलं तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. बोट कुठे टेकवायचं यावर खुशाल भांडा. जेवण मात्र प्रमाणवेळेनुसारच वाढलं जाईल!