नावाची राखण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात उद्योजक मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



आपल्या व्यासपीठावर आजवर संगीत, नाट्य आणि संतवाङ्मय या विषयांवर अनेक रसाळ व्याख्याने झाली. कार्यकारिणीने आमच्या वाट्यास मात्र 'बौद्धिक संपदेचे रक्षण' असा रुक्ष विषय दिला आहे. आम्ही कायदेपंडित नव्हे. कोलकात्यात मसाल्यांचा लहानसा व्यवसाय करणारे गृहस्थ आहोत. परंतु या विषयाची गुरुदक्षिणा आम्ही रोख मोजली आहे. ती इतरांना मोजावी लागू नये, एवढ्याच हेतूने हे आमंत्रण स्वीकारले.

बौद्धिक संपदा म्हणजे काही शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतील दुर्मीळ चीज नव्हे. मसाल्याचे एक साधे पाकीट हाती घ्या. त्यावरील नाव आणि चिन्ह हा ट्रेडमार्क. पाठीमागचा मजकूर आणि पुढचे चित्र यांवर कॉपीराइट. आपण बरणीला नवा, आगळा आकार दिला असेल, तर त्याची डिझाइन म्हणून नोंदणी होऊ शकते. मसाला भाजण्याच्या यंत्रात खरोखरच नवी युक्ती शोधली असेल, तर ती पेटंटचा विषय. आणि धणे किती, दगडफूल किती, नागकेशर किती, हे आईने कानात सांगितलेले प्रमाण म्हणजे व्यापारी गुपित. पाच प्रकारची मालमत्ता एका पाकिटात मावते. आणि आपण मात्र कुलूप लावतो ते केवळ गोदामाला.

आता आमचीच कथा सांगतो. आमच्या मातोश्री लग्न होऊन या शहरात आल्या, तेव्हा येथे गोडा मसाला मिळणे दुरापास्त होते. त्या स्वतः मसाला, मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी करून मराठी बिऱ्हाडांना पुरवीत. पुड्यांवर त्यांचेच नाव असे. पुढे आम्ही त्याचा व्यवसाय केला, नाव मात्र तेच ठेवले. आमचा माल दुकानांत पोहोचविणाऱ्या एका वितरकाशी दहा वर्षांचा घरोबा होता. येणे-देण्यावरून बिनसले आणि त्याने ते नाव स्वतःच्या नावे नोंदवून घेतले. असा अर्ज ट्रेडमार्कच्या सरकारी नियतकालिकात प्रसिद्ध होतो आणि तेथून चार महिन्यांच्या आत कोणासही त्यास विरोध नोंदविता येतो. असे नियतकालिक असते हेच आम्हांस ठाऊक नव्हते! एके दिवशी नोटीस आली: आमच्याच आईचे नाव वापरल्याबद्दल आम्हांलाच.

कायदा अशा प्रसंगी अगदीच निष्ठुर नाही. नोंदणी दुसऱ्याची असली, तरी त्याच्या आधीपासून आणि अखंडपणे ते नाव वापरणाऱ्यास तो संरक्षण देतो. वकिलांनी एवढेच विचारले, "पहिली विक्री केव्हाची? कागद दाखवा." आमच्यापाशी कागद नव्हता. पहिल्या वर्षांचा सारा व्यवहार रोखीचा आणि चिठोऱ्यांवरचा. दोन वर्षे झगडून, थकून आम्ही तडजोड केली आणि नाव सोडले. मातोश्री तेव्हा हयात होत्या. त्या रागावल्या नाहीत. "म्हणजे आता माझं नाव त्यांचं झालं का रे?" एवढेच त्यांनी विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अद्याप देता आलेले नाही.

असो. आता नित्य घडणारे उल्लंघनाचे प्रकार आणि त्यांवरील उपाय क्रमाने पाहू.

पहिला प्रकार मिळत्याजुळत्या नावाचा. लाहोरास १९०१ सालापासून 'अमृतधारा' नावाचे औषध विकले जात असे. पुढे १९२३ पासून उत्तर प्रदेशात 'लक्ष्मणधारा' विकले जाऊ लागले. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६२ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने दोन्ही नावे शेजारी ठेवून अक्षरे मोजली नाहीत. साधारण बुद्धीच्या आणि अर्धवट स्मरणाच्या गिऱ्हाइकाची फसगत होईल काय, हे पाहिले. नावे फसगत होण्याइतकी सारखी ठरली. तरीही 'लक्ष्मणधारा'ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली; कारण अनेक वर्षे ते उघडपणे विकले जात असता अमृतधारेच्या मालकांनी हरकत घेतली नव्हती. हक्क असूनही जो गप्प बसतो, त्याच्या हक्काला अशी सीमा पडते.

म्हणून नाव ठरविताच प्रथम निबंधकांच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. तसे नाव आधीच कोणाचे असेल, तर आपणच उल्लंघनकर्ते ठरू. मग अर्ज स्वतःच्या किंवा आपल्या संस्थेच्या नावे करावा, वितरकाच्या वा भाच्याच्या नावे नव्हे. मालाचे वर्ग नीट पाहावेत: मसाले तिसाव्या वर्गात येतात, लोणची एकोणतिसाव्या. २०१७ च्या नियमांत व्यक्ती आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गास ४,५०० रुपये शुल्क ठेवले आहे. नोंदणी दहा वर्षांची असते व पुनःपुन्हा नूतनीकरण करता येते. मात्र नोंदणी मिळण्यापूर्वीच वर्तुळातील 'आर' पाकिटावर छापू नये. त्याबद्दल दंड होऊ शकतो.

दुसरा प्रकार कॉपीराइटचा, आणि येथे आपण सज्जन माणसेच पुष्कळदा अपराधी असतो. इंटरनेटवरचे छायाचित्र उचलून जाहिरातीत घालणे, एका परवान्याची संगणकप्रणाली दहा यंत्रांवर चढविणे, ही 'सोय' नव्हे. चोरीची संगणकप्रणाली जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांच्या कैदेची तरतूद १९५७ च्या कायद्यात पुढे दुरुस्तीने आली आहे. आणखी एक भ्रम असा, की पैसे दिले म्हणजे हक्क मिळाला. पगारी नोकराने नोकरीच्या कामात लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क सामान्यतः मालकाचा. परंतु बाहेरच्या व्यक्तीकडून जाहिरातीचा मजकूर किंवा संगणकप्रणाली करून घेतली, तर लेखी हस्तांतरण असल्यावाचून हक्क त्याच व्यक्तीकडे राहतो. त्या लेखातही मुदत न लिहिल्यास पाचच वर्षे धरली जातात, आणि प्रदेश न लिहिल्यास केवळ भारत. आपल्या नाट्यशाखेनेही हे ध्यानी धरावे. हौशी मंडळींनी विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगास कायद्याने सवलत दिली आहे. तिकीट लावले की नाटककाराची परवानगी आणि मानधन यांचा विचार आधी व्हावा.

तिसरा प्रकार पेटंटचा. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळदीने जखम भरते या 'शोधा'चे पेटंट मिळाले. आपल्या घराघरांतील आजीबाई हसल्या असतील. परंतु हसण्याने पेटंट रद्द होत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांतील आणि नियतकालिकांतील ३२ लेखी आधार सादर केले. १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या पत्रिकेतील निबंधही त्यांत होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. कोट्यवधी लोकांना तोंडी ठाऊक असलेली गोष्ट अखेर छापील कागदाने सिद्ध झाली, हे विसरू नये. उद्योजकाने यातून आणखी एक पथ्य घ्यावे. पेटंटसाठी नावीन्य लागते, म्हणून आपली युक्ती प्रदर्शनात मांडण्यापूर्वी किंवा वृत्तपत्रात देण्यापूर्वी अर्ज करावा. प्राथमिक स्वरूपाचा अर्ज आधी देऊन पूर्ण तपशील बारा महिन्यांत देता येतो. पेटंट कार्यालयाचे मुख्यालय आपल्या याच शहरात आहे.

चौथी गोष्ट सामूहिक नावाची. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांच्या कारागिरांचा तो सामाईक मान आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच घडणीच्या चपला आणल्या, प्रथम कोल्हापूरचा उल्लेखही न करता. गहजब झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. येथे कायद्याची मर्यादाही समजून घ्यावी. मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते. नाव न घेता केवळ घडण उचलली, तर त्याचा हात तेथवर सहसा पोहोचत नाही. त्या वेळी कारागिरांच्या कामी जागृत लोकमत आले.

पाचवे, व्यापारी गुपित. आपल्या देशात यासाठी स्वतंत्र कायदा नाही, आधार कराराचा. कामगार, वितरक, यंत्रज्ञ यांच्याशी गोपनीयतेचा लेखी करार करावा, आणि संपूर्ण प्रमाण एका हाती देऊ नये. आम्ही आता मसाल्याचे घटक दोन ठिकाणी मिसळतो.

इतके करूनही कोणी नक्कल केलीच, तर? प्रथम ती वस्तू पावतीसह विकत घ्यावी, छायाचित्रे काढावीत, तारीख नोंदवावी. मग वकिलामार्फत नोटीस द्यावी. माल ऑनलाइन बाजारात असेल, तर त्या बाजाराच्या तक्रार विभागाकडे नोंदणीपत्र पाठवावे. परदेशातून नकली माल येत असेल, तर सीमाशुल्क खात्याकडे आपला हक्क नोंदविण्याची सोय २००७ च्या नियमांनी झाली आहे. एवढ्याने भागले नाही तर न्यायालय आहेच. पण तेथे जाताना हाती कागद हवा आणि उशीर झालेला नसावा.

जाता जाता एकच गोष्ट. तडजोडीवर सही करून वर्ष झाले असेल. शेजारच्या काकूंनी कपाट आवरताना सापडलेली जुनी पुस्तके आमच्याकडे पाठविली. त्यांत आपल्या मंडळाची रौप्यमहोत्सवी स्मरणिका होती. जाहिरातींच्या पानांत, अगदी कोपऱ्यात, मातोश्रींच्या नावाची मसाल्याची जाहिरात होती. पत्ता होता, वर्ष होते. वितरकाशी आमची ओळख होण्यापूर्वीचा तो पुरावा! जो कागद आम्ही दोन वर्षे शोधीत होतो, तो मंडळाने पंचवीस वर्षांमागेच छापून ठेवला होता. घरोघरी त्याच्या प्रती होत्या. आम्हीच आमची प्रत जपली नव्हती.

म्हणून आपणांस विनंती, की या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतील जाहिरातींची पाने केवळ देणगीची पोच समजून उलटू नका. आपल्यापैकी कोणाचे तरी नाव तेथे तारखेनिशी उभे आहे. एक प्रत कपाटात, पहिल्या पावत्यांशेजारी ठेवा. आमच्या घरी आता त्या दोन्ही स्मरणिका एकत्र राहतील. नव्या स्मरणिकेत आमची जाहिरात नव्या नावाने आहे. ते नाव आम्ही नोंदविलेले आहे.