सर्वांसाठी एकच ब्राउझर
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी मोठ्या गोष्टी बोलाव्यात असा रिवाज आहे. आम्ही शिक्षक पडलो. म्हणून वाचनगृहातील सामायिक संगणकांविषयीची एक लहानशी गोष्ट सांगतो.

तेथे प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते वेगळे आहे. गेल्या वर्षी नगरगावच्या एका मुलीने शिष्यवृत्तीचा अर्ज फायरफॉक्समध्ये अर्धा भरला. ईमेलमधील दुवा दाबताच तो एजमध्ये उघडला. एका ब्राउझरने ठेवलेली ओळख दुसऱ्याला ठाऊक नसते. पुन्हा प्रवेश, पुन्हा अर्ज. मुदतीचा तोच अखेरचा दिवस आणि बाहेर शेवटची बस उभी! अर्ज कसाबसा गेला. पण तिचे भरून आलेले डोळे आम्ही विसरलो नाही. चूक तिची नव्हे, आमची होती.

आमच्या स्वतःच्या खात्यात आम्ही फायरफॉक्सची निवड केली होती आणि ती सर्वांना लागू झाली असे समजून बसलो होतो. विंडोजमध्ये ही निवड खात्यागणिक निराळी असते. व्यवस्थापकाला ‘डिझम’ या साधनाने निवडींची यादी बसविता येते. परंतु ती त्यानंतर प्रथमच उघडणाऱ्या खात्यांना लागते, जुन्यांना नव्हे. लिनक्समध्ये सर्वांसाठी एक यादी ठेवता येते. तरी वापरणाऱ्याने स्वतःची निवड केली असल्यास तीच वरचढ ठरते.

हे क्षुल्लक वाटेल. पण आयते मिळालेले सहसा कोणी बदलीत नाही, हे जाणूनच युरोपीय आयोगाने २००९ साली मायक्रोसॉफ्टकडून ब्राउझर निवडण्याची मुभा देण्याचे वचन घेतले. ते मोडल्याबद्दल २०१३ साली ५६.१ कोटी युरोंचा दंडही केला.

मग आम्ही काय केले? नव्या खात्यांसाठी यादी बसविली. जुन्या खात्यांच्या मुलांना एकेक करून बोलाविले, सेटिंग्ज दाखविली आणि निवड त्यांच्याच हातून करविली. दोन संध्याकाळी गेल्या. ज्याला दुसरा ब्राउझर हवा होता, त्याला तो ठेवू दिला.

सार्वजनिक रांजणाजवळ ओगराळे ठेवणे हे ठेवणाऱ्याचे काम. ते हाताला लागते की नाही, हे मात्र तहानलेल्यालाच विचारावे लागते. न्यासाच्या प्रत्येक कामात एवढे ध्यानी राहो, इतकीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.