पंढरपूर राहू द्या, पुढचा मुक्काम सांगा
(वसंत व्याख्यानमाला, राहुरी)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'खूप वजन उतरवायचं असताना उमेद कशी टिकवावी'. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांत आटपायचं जेवण, त्याआधीची श्रीकांत जिचकारांची व्याख्यानं हे सगळं तुम्हाला पाठ आहे. त्यात वेळ घालवत नाही. (मागून आवाज : 'आमरसाचं सांगा!' हशा.) सांगतो, शेवटी नक्की सांगतो.

माझं म्हणणं एकच. तीस किलो, चाळीस किलो हा आकडा आधी नजरेआड करा. दवाखान्यात रोज बघतो, भूक सोसतात लोक, हा आकडा सोसवत नाही त्यांना. पहिल्या पंधरवड्यात काटा भराभर खाली येतो, त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो. मग तो रेंगाळतो. वजन उतरलं की शरीराची रोजची गरजही उतरते, त्यामुळे तेवढंच जेवूनही घट मंदावते. नेमका तेव्हाच माणूस हिशेब मांडतो, 'पाच गेले, पस्तीस उरले', आणि फिरायला जाणं बंद होतं.

ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी येते, आपल्या राहुरीत मुक्काम करते. रात्री वारकऱ्यांचे पाय बघितलेत? टाचांना भेगा, बोटांमध्ये फोड. आमची आई परातीत कोमट पाणी घ्यायची, पाय बुडवायला लावायची, मग तेल. मी चिमणी धरून उभा. पहाटे फोडांवर चिंधी बांधणाऱ्या एका आजोबांना विचारलं, 'बाबा, पंढरपूर किती राहिलं?' म्हणाले, 'ते माउलीला ठाऊक. आज डोंगरगण.' ते उठले, कारण दिंडी उठली होती. डोंगरगणला पिठलं-भाकरी मिळणार, पाठ टेकायला जागा मिळणार, एवढं त्यांना पुरेसं होतं. आणि दिंडीत मागं पडलेल्याला हाक मारणारं कुणीतरी असतंच... (संयोजक घड्याळ दाखवतात.) हो हो, आवरतो.

तर मुक्काम केवढा धरायचा? अमेरिकेत मधुमेह टाळण्यासाठी मोठी चाचणी झाली, निष्कर्ष 2002 साली छापून आले. 3,234 माणसं होती. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या या लोकांपैकी जीवनशैली बदलणाऱ्या गटाला 7 टक्के वजन उतरवायला आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायला सांगितलं. सरासरी उतरलं साडेपाच किलोंच्या आसपास. तेवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं! शंभर किलोच्या माणसाचा पहिला मुक्काम म्हणजे सात किलो. तिथं पोचलात की महिनाभर तेवढंच राखा, मग पुढचा.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचं 2006 चं काम तर मला याहून मोलाचं वाटतं. आपल्याच देशातले 531 लोक. आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांमध्ये मधुमेह 28.5 टक्क्यांनी कमी झाला, आणि वजन फारसं हललंच नव्हतं. काटा गप्प असतो तेव्हाही आत काम चालू असतं, हे मी पेशंटला अगदी टेबलावर हात आपटून सांगतो.

एक मावशी यायच्या. काट्यावर चढताना चपला काढायच्या, पर्स ठेवायच्या, पाटल्यासुद्धा उतरवायच्या. काटा काही केल्या ऐकेना. मी म्हटलं, काटा महिन्यातून एकदा, रोज फक्त जमिनीवर मांडी घालून बघा. श्रावणात आल्या त्या खुशीत. सत्यनारायणाच्या पंगतीत खुर्ची न मागता बसल्या होत्या, आणि उठताना सुनेचा हात लागला नव्हता.

(श्रोत्यांतून प्रश्न : 'म्हणजे दीक्षितांचं चूक?') अजिबात नाही. मी त्यांच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. त्यांच्या मोहिमेत व्हॉट्सअॅपचे गट झाले, लोक एकमेकांना धरून राहिले. तीही दिंडीच. तुम्हाला जमेल ती पद्धत घ्या. फक्त इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका. साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळतो.

चिठ्ठी आली, दोन मिनिटं उरलीत. वजनाची पठारावस्था, शस्त्रक्रिया, थायरॉइड, सगळं राहिलं. थायरॉइडची शंका असेल त्यांनी रक्त तपासून घ्या, अंदाजानं बसू नका.

हां, आमरस. खा. रविवारी, घरच्यांबरोबर, एक वाटी, साखर न घालता, आणि त्या दिवशी पोळी एक कमी. सोमवारी पहाटे फिरायला निघा. एकटे निघू नका, आत्ता शेजारच्या खुर्चीवर बसलेत त्यांना विचारा, येता का म्हणून.