करकचून नको, दाबत न्या!

आजचा भाग दुचाकीवाल्यांसाठी. गाडी चालवताना ऐकत असाल तर आधी बाजूला थांबा, मग ऐका.

समोर अचानक कुत्रं आलं, रिक्षा वळली, उभ्या कारचं दार उघडलं. तुमचे हात-पाय काय करतील? काय करायला हवं ते तुम्हाला माहीत असेलच. मी विचारतोय, प्रत्यक्षात काय करतील?

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या टीमने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. रिपोर्ट आला १९८१ मध्ये. बहुतेक चालकांनी मागचा ब्रेक इतका जोरात दाबला होता की चाक घसरलं, आणि पुढचा पुरेसा वापरलाच नव्हता. वाचण्यासाठी हातात वेळ होता जेमतेम दोन सेकंद.

आपल्याकडे तर सायकल शिकतानाच ऐकवतात, "पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील." ती भीती डोक्यात पक्की बसते. पण होतं काय, ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे सरकतं. पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं, मागचं हलकं होतं. म्हणजे गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो.

आता हिशोब बघा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. "अरे!" म्हणेपर्यंत तेवढं अंतर गेलं. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर साधारण २० मीटरमध्ये गाडी थांबते. फक्त मागचा लावला तर जवळपास दुप्पट. मधल्या त्या २० मीटरमध्ये एखादं माणूस उभं असू शकतं.

मग पुढचा ब्रेक करकचून मारायचा का? नाही! वजन पुढे यायच्या आत झटका दिला तर पुढचं चाक लॉक होतं आणि गाडी खाली जाते. आधी हलकं दाबा, वजन पुढे येऊ द्या, मग जोर वाढवत न्या. हे सगळं सेकंदाच्या आतलं काम आहे. घाबरल्यावर मूठ आपोआप आवळते, नजर धोक्यावरच खिळते. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो, शरीर सवयीचंच करतं. म्हणून सवय आधी लावायची.

कशी? सुट्टीच्या दिवशी सकाळी रिकामं, सपाट, कोरडं पार्किंग शोधा. रेती, खडी, ऑइल नको. हेल्मेट, ग्लोव्ह्ज, बूट घाला. मागे कुणाला बसवू नका, पण एक मित्र बाजूला उभा असू द्या. जमिनीवर खडूने रेघ मारा. ताशी २० ने या, रेघेवर ब्रेक सुरू करा. हँडल सरळ, गुडघ्यांनी टाकी धरलेली, कोपरं थोडी वाकलेली, नजर लांब समोर. क्लच आत, दोन्ही ब्रेक सोबत. थांबलात तिथे खूण करा. दहा वेळा जमलं की ३०, मग ४०. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे त्या खुणांवरच दिसेल.

पुढचं चाक घसरतंय असं वाटलं तर लगेच सोडा, पुन्हा हळू दाबा. मागचं लॉक होऊन गाडी तिरकी झाली असेल तर पेडल एकदम सोडू नका, चाकाला पकड मिळताच गाडी उसळून फेकू शकते.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्यात लिव्हर किंवा पेडल थरथरतं. घाबरून सोडू नका, दाबून धरा. पण सिंगल चॅनल असेल तर एबीएस सहसा फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं लॉक होऊ शकतं. स्कूटरवाल्यांनो, सराव तुम्हालाही तोच, फक्त दोन्ही ब्रेक हातात.

एका रविवारी शिकून भागत नाही, हात विसरतो. महिन्यातून दहा मिनिटं द्या, आणि पावसाळ्याआधी टायर बघून घ्या. या रविवारी पार्किंगला गेलात तर किती खुणा झाल्या ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. सावकाश जा!