पोर पाण्यात कधी उतरवावं?

मंडळी, उन्हाळा लागला की विहिरीवर पोरांची झुंबड उडायची. कुणाच्या पाठीला वाळका भोपळा, कुणाच्या पांगाऱ्याचा ओंडका, आणि ज्याच्याकडं काहीच नाही त्याच्या कमरेला रिकामा डबा. मीही तसाच शिकलो. चुलत्यांनी कमरेला दोर बांधला आणि दिलं ढकलून! मी तरलो खरा. पण माझ्याबरोबर ढकललेला एक सोबती पुन्हा म्हणून पाण्याजवळ फिरकला नाही.

ही आठवण निघाली, कारण मागल्या महिन्यात वस्तीवरच्या एका बाईंनी मला विचारलं, "गुरुजी, आमचा बाळू तीन वर्षांचा. शेततळं दारातच. त्याला आत्ताच पोहायला शिकवलं तर माझा घोर मिटंल का?"

मिटणार नाही, असंच मला सांगावं लागलं. लहानपणी पाण्याची ओळख होणं वाईट नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१९ साली एक वर्षापुढच्या मुलांच्या शिकवणीला अनुकूल मत दिलं आहे. पण तिथं पाणी स्वच्छ, शिकवणारा जाणता आणि आईबाप हाताच्या अंतरावर. जागतिक आरोग्य संघटना पोहण्याचं शिक्षण सुचवते ते सहा वर्षांपुढच्या मुलांना. त्याहून लहानांसाठी तिचा भर आहे कुंपणावर आणि राखणीवर.

त्यातून शेततळ्याची गोष्ट निराळी. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, कोरडवाहू रानाला आधार झाला, हे उत्तमच. पण तळ्यातल्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरतं आणि पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही काठाला येतो नि घसरून परत आत जातो. तिथं तीन वर्षांच्या पोराची शिकवणी काय कामाची? तेव्हा आधी तळ्याभोवती तारेची जाळी हवी, फाटकाची कडी पोराच्या हाताला न लागेल इतकी वर हवी, आणि काठाला पक्के बांधलेले, गाठी मारलेले दोर पाण्यात सोडलेले हवेत. घरातली बादली, अंगणातला हौद हेही झाकावं. रांगत्या मुलाला वीतभर पाणीसुद्धा पुरतं.

पहिली-दुसरीत गेल्यावर मात्र मुलाला जरूर शिकवा. मुलींनाही, बरं का! गुरुजनहो, हात मारण्याआधी उताणं तरंगायला शिकवा. दुसरा बुडताना दिसला तर उडी टाकायची नाही; ओरडून मोठ्यांना बोलवायचं, दोर, काठी, लुगडं जे असेल ते पुढं करायचं, हेही त्याच धड्यात यावं.

आणखी एक. बाहेर काढलेल्या पोराला उलटं धरून गरगर फिरवण्याची जुनी रीत सोडा. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर तिथंच तोंडानं श्वास द्यावा, छाती दाबत राहावं आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन लावावा. हे आरोग्य केंद्रात नीट शिकून घ्या. नुसतं ऐकून हात बसत नाही.

बाळूच्या वडिलांनी परवा जाळी आणली. तीन बाजू झाल्या आहेत, फाटक अजून व्हायचं आहे. तोवर बाळूची आजी दिवसभर ओसरीवर बसून असते.